बारा हजार रुपये आणि गेमिंगचा जुना संगणक : कोणता भाग आधी बदलावा?



2024 च्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, आता बारावीला असलेला, वडिलांना घेऊन घरी आला. हातात वहीचं पान. त्यावर यादी होती : आरएक्स 580 ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचे चार पंखे, गेमिंग कीबोर्ड. खिशात बारा हजार रुपये. त्यातले साडेसात हजार त्याने सुट्ट्यांमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून कमावलेले, बाकीचे आईच्या भिशीतले.

वडील म्हणाले, "सर, मले यातलं काही समजत नाही. पण हे पैसे पाण्यात गेले तं पुन्हा निघत नाहीत. तुम्ही एकदा पाहून घ्या."

मी काही इंजिनीअर नाही. डीएड झालेला प्राथमिक शिक्षक आहे. पण शाळेतला संगणक बंद पडला की सगळे माझ्याकडेच पाहतात, त्यामुळे गेली दहा-बारा वर्षं स्क्रू ड्रायव्हर हातात आहे. शिवाय स्वतःचे पैसे एकदा चांगलेच जाळून बसलोय. तो किस्सा पुढे येईलच.

तर आजचा पाठ हा : पैसे थोडे आहेत, संगणक जुना आहे, गेम नीट चालत नाही. मग आधी कोणता भाग बदलायचा? आमच्या पुलगावात बसून हा प्रश्न जास्तच अवघड होतो. इथे चुकीचा भाग घेतला तर तो बदलून आणायला वर्धा नाहीतर नागपूरची गाडी पकडावी लागते. आणि जुना माल दुकानदार परत घेईलच असं नाही.

आधी पोळ्या, मग संगणक

गेम म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. सेकंदाला किती चित्रं तयार होतात तो आकडा म्हणजे एफपीएस. 60 एफपीएस म्हणजे सेकंदाला 60 चित्रं. एका सेकंदात 1000 मिलिसेकंद असतात. 1000 ला 60 ने भागलं की साधारण 16.7 येतात. म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदाला एक नवीन चित्र तयार व्हायला पाहिजे. पाचवीच्या मुलालाही जमेल असा हा भागाकार आहे, आणि आजचा सगळा पाठ त्यावरच उभा आहे.

हे चित्र दोघं मिळून बनवतात. गाडी कुठे आहे, शत्रू कुठे पळाला, गोळी कुठे लागली हा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून पडद्यावरचं चित्र ग्राफिक्स कार्ड रंगवतं. कार्ड एक चित्र रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्या चित्राच्या हिशेबाला लागलेला असतो.

आता लग्नघरातलं स्वयंपाकघर डोळ्यासमोर आणा. एक बाई पोळ्या लाटते, दुसरी शेकते. लाटणारीला एका पोळीला 25 सेकंद लागतात, शेकणारीला 10. तर पंगतीत पोळी किती सेकंदांनी येईल? मुलं पटकन 35 सांगतात. पण दोघी एकाच वेळी काम करत आहेत, त्यामुळे उत्तर 25. शेकणारी मधले 15 सेकंद नुसती तव्याकडे पाहत बसते. आता तुम्ही बाजारातून भारीतला तवा आणला, शेकायला 5 सेकंद लागायला लागले. पोळी किती सेकंदांनी येईल? तरीही 25! तव्याचे पैसे गेले, पंगत तशीच ताटकळलेली.

सेकंदांच्या जागी मिलिसेकंद लिहा. प्रोसेसरला 25 आणि कार्डला 10 लागत असतील तर 1000 भागिले 25, म्हणजे 40 एफपीएस. कार्ड दुप्पट वेगाचं आणलं तरी 40 च. पण आकडे उलटे असतील, प्रोसेसरला 10 आणि कार्डला 25, तर आत्ताही 40 च दिसतील. मात्र यावेळी दुप्पट वेगाचं कार्ड टाकलं की कार्डचे 12.5 होतात आणि एफपीएस थेट 80.

पाहिलंत? दोन्ही संगणकांवर आकडा एकच, 40. एकावर आठ हजारांचं कार्ड वाया जातं, दुसऱ्यावर खेळ दुप्पट होतो. म्हणून यूट्यूबवर कोणी सांगितलं, मित्राने घेतलं, यावर जाऊन उपयोग नाही. आपल्या घरात लाटणारी अडली आहे की शेकणारी, ते आपल्यालाच पाहावं लागतं. आणि ते पाहायला एक रुपया लागत नाही.

फुकटातली चाचणी

मुलाचा संगणक होता डेलचा ऑप्टिप्लेक्स. ऑफिसमधून निघालेला, दुकानात साफसूफ करून विकलेला, उभ्या कॅबिनेटचा. असे संगणक आपल्याकडे खूप घरांत आहेत. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 8 जीबीची एकच रॅम पट्टी, 500 जीबीची हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर जुना, 1366 गुणिले 768 चा. खेळायचं काय, तर जीटीए फाइव्ह आणि मित्रांसोबत व्हॅलोरंट.

पहिल्यांदा गेमच्या मागणीचा तक्ता वाचला. मुलं हे करतच नाहीत. जीटीए फाइव्ह संगणकावर आला 2015 मध्ये. चांगला चालण्यासाठी तो मागतो तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह 3470, 8 जीबी रॅम आणि जीटीएक्स 660 च्या तोडीचं कार्ड. आपला प्रोसेसर चौथ्या पिढीचा, म्हणजे पास. रॅम काठावर पास. कार्ड मात्र शून्य. व्हॅलोरंट 2020 मध्ये आला तेव्हा 60 एफपीएससाठी त्याची मागणी होती आय-थ्री 4150 आणि जीटी 730, म्हणजे अगदी साधी. तक्त्यानेच अर्धं उत्तर दिलं होतं.

उरलेलं अर्धं मोजून घेतलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' वर गेलं की प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि जीपीयू किती टक्के गुंतलेत ते दिसतं. गेम दहा मिनिटं खेळायचा आणि मध्येच इकडे येऊन आलेख पाहायचे. जीपीयू सतत 95 ते 100 टक्के असेल तर शेकणारी अडली. जीपीयू 50-60 वर लोळतोय आणि तरी गेम अडखळतोय, तर लाटणारी अडली. इथे एक फसवणूक आहे, ती सांगून ठेवतो. प्रोसेसरचा एकूण आकडा 55 टक्के दिसला म्हणून तो निवांत आहे असं समजू नका. चार कोअरपैकी एकच 100 वर आणि बाकीचे तीन रिकामे असतील तरी सरासरी कमीच दिसते. वर्गात एकच मुलगा सगळी गणितं सोडवतोय आणि सरासरी काढली, तसं ते आहे. आलेखावर माउसचं उजवं बटण दाबून प्रत्येक कोअर वेगळा पाहा.

दुसरी चाचणी याहून पक्की. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार मुद्दाम लहान करायचा. व्ही-सिंक किंवा एफपीएसची मर्यादा लावलेली असेल तर ती आधी काढायची. चित्र लहान झालं की कार्डचं काम कमी होतं, प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहतं. एफपीएस उसळी मारून वर गेले तर कार्ड अडत होतं. हलले नाहीत तर कार्ड बदलून काही होणार नाही, पैसे खिशात ठेवा.

आमच्या मुलाकडे 768 वर 24 एफपीएस होते, जीपीयू 99 टक्के. आकार 800 गुणिले 600 केला तर 38. निदान पक्कं : तवा थंड. त्यासोबत 8 जीबीपैकी 7.3 जीबी मेमरी भरलेली, आणि शहरातून गाडी जोरात पळवली की डिस्क 100 टक्क्यांवर जाऊन चित्र थिजायचं. म्हणजे कणीक मळायची परातही लहान होती आणि पीठ आणायला दरवेळी मागच्या कोठीपर्यंत जावं लागत होतं.

यादीतले रंगीत पंखे आणि कीबोर्ड तिथेच खोडले. मुलाचं तोंड उतरलं. उतरू द्या.

आठशे रुपयांची पट्टी

मी एक नियम पाळतो. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आधी, एका वेळी एकच भाग बदलायचा, आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचं. तीन भाग एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. बिघडलं तर कशाने बिघडलं तेही कळत नाही.

म्हणून आधी 8 जीबीची दुसरी रॅम पट्टी घेतली, जुनी, आठशे रुपयांना. ती लावताच कार्ड नसतानाच 24 चे 31 एफपीएस झाले. मुलगा चकित. कारण साधं आहे. वेगळं कार्ड नसतं तेव्हा प्रोसेसरमधलाच छोटा जीपीयू चित्र रंगवतो. त्याला स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधूनच उसनी घेतो. एका पट्टीचा एकच रस्ता होता, दोन पट्ट्यांचे दोन रस्ते झाले.

पट्टी घेताना डीडीआर थ्री, फोर, फाइव्ह एकमेकांच्या जागी चालत नाहीत हे लक्षात ठेवा. प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असते, जोर लावून बसवू नका. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तीही इथे चालत नाही. जुनी पट्टी काढून खिशात घालूनच दुकानात गेलेलं बरं. एक गोष्ट मात्र तेव्हापासून बदलली. 2025 च्या शेवटी शेवटी जगभर रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या मोठमोठ्या केंद्रांना मेमरी कमी पडायला लागली. तेव्हा माझे आठशे रुपये प्रमाण मानू नका, त्या दिवशीचा भाव विचारा.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, 512 जीबी, 2,700 रुपये. एसएसडीने एफपीएसचा आकडा फारसा वाढत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर नंतर मला बोल लावाल. फायदा वेगळा आहे. हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला 8.3 मिलिसेकंद, आणि हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी. सुई सरकायला लागतो तो वेळ वेगळाच. आपल्याला एक चित्र 16.7 मिलिसेकंदात हवंय, आणि इथे नुसती वाट पाहण्यातच चार-पाच मिलिसेकंद जातात, तेही एका फाइलसाठी. एसएसडीत फिरणारं काही नसतं, हाच वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका खाली येतो. गाडी पळवताना चित्र थिजायचं ते थांबलं. चौथ्या पिढीच्या बोर्डांवर सहसा नव्या पातळ पट्टीसारख्या एसएसडीची सोय नसते. साधी अडीच इंची साटा एसएसडीच घ्यायची, महाग घेऊन उपयोग नाही.

एसएमपीएस : ज्याकडे कोणी पाहत नाही

आता माझा किस्सा. 2018 ची गोष्ट आहे. मी हौसेने एक जुनं जीटीएक्स 1060 घेतलं आणि त्यासोबत एका दुकानातून साडेआठशे रुपयांचा एसएमपीएस. डब्यावर मोठ्या अक्षरात 450 वॅट. तीन आठवडे झकास चाललं. मग एका रात्री फट्ट आवाज झाला, करपल्याचा वास आला आणि सगळं बंद. एसएमपीएस गेला तो जाताना मदरबोर्डला घेऊन गेला. शाळेची निकालपत्रकं त्याच संगणकावर होती आणि दोन दिवसांनी सादर करायची होती. हार्ड डिस्क वाचली म्हणून माझी लाज राहिली.

चूक कोणाची? दुकानदाराची थोडी, माझी जास्त. कारण एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो आणि मी तो वाचलाच नव्हता. प्रोसेसर आणि कार्ड हे दोघं मुख्यतः 12 व्होल्टच्या लाइनवर जगतात. माझ्या तक्त्यात 12 व्होल्टसमोर लिहिलं होतं 14 अँपियर. व्होल्ट गुणिले अँपियर बरोबर वॅट. 12 गुणिले 14 किती? 168. डब्यावर 450, कामाचे 168! आणि माझं कार्ड एकटंच 120 वॅटचं, प्रोसेसर 84 चा. बेरीज 204. जो गुणाकार मी वर्गात मुलांकडून करून घेतो, तो दुकानात केला नाही.

म्हणून आता आरएक्स 580 ची गोष्ट पाहू. कार्ड वाईट नाही. पण त्याची भूक 185 वॅट. आणि त्याला एसएमपीएसमधून आठ पिनांची वेगळी वायर लागते. मुलाच्या ऑप्टिप्लेक्सचा एसएमपीएस 290 वॅटचा, त्यात ती वायर नाही. बरं, एसएमपीएस बदलू म्हटलं तर त्या डेलच्या बोर्डाची जोडणी नेहमीच्या 24 पिनांची नसते, आठ पिनांची असते. बाजारातला एसएमपीएस लावायचा तर मध्ये वेगळं कनेक्टर शोधा. म्हणजे सहा-सात हजारांच्या कार्डामागे आणखी तीन हजार उभे. ऑफिसचा जुना संगणक घेतलेल्या प्रत्येकाने हे आधी तपासावं.

मार्ग असा निघाला. मदरबोर्डवरच्या ज्या लांब खाचेत कार्ड बसतं, ती खाच स्वतः 75 वॅटपर्यंत वीज देते. तेवढ्यात भागणारी कार्डं असतात, त्यांना वेगळी वायर लागत नाही. 2016 चं जीटीएक्स 1050 टीआय आणि 2019 चं जीटीएक्स 1650 ही त्यातली माहितीची नावं. नवीन घेणाऱ्यांसाठी 2024 मध्ये आलेलं आरटीएक्स 3050 चं 6 जीबीवालं कार्डही 70 वॅटचं आहे. एक सावधगिरी : 1650 च्या काही कार्डांना कंपनीने सहा पिनांची जोडणी दिलेली असते. कार्ड हातात घेऊन त्याची कड पाहा, जोडणी नको.

बेरीज केली. प्रोसेसर 84, कार्ड 75, बाकी सगळ्याला 40 धरा. एकूण 199. एसएमपीएसच्या 70 टक्क्यांपर्यंतच ओझं टाकावं असा माझा आपला हिशेब. 290 चे 70 टक्के 203. बसलं!

उभं कॅबिनेट होतं म्हणून हे जमलं. ऑफिसच्या आडव्या, चपट्या डब्यात नेहमीचं कार्ड मावतच नाही, बुटकं कार्ड शोधावं लागतं आणि ते जुन्या बाजारात सहज मिळत नाही.

आणि हो, एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आत धक्का बसण्याइतकी वीज साठलेली असते.

जुनं कार्ड घेताना

एका रविवारी आम्ही दोघं सकाळच्या गाडीने नागपूरला गेलो. सीताबर्डीत चार दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात 1050 टीआय फार स्वस्तात दाखवलं. मी पेन ड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर नेलं होतं. ते फुकट मिळतं. चालवलं तर नावाच्या आधी 'फेक' असा शब्द. जुन्या, कमी ताकदीच्या कार्डाचं आतलं नाव बदलून नव्या नावाने विकण्याचा धंदा चालतो. विंडोज फसते, हे सॉफ्टवेअर 2018 पासून अशी कार्डं ओळखतं. आम्ही काही न बोलता बाहेर आलो. वाद घालायला गेलो नव्हतो.

जुन्या आरएक्स 580 वर माझा फारसा भरवसा नाही त्याचं आणखी एक कारण. इथेरियम हे आभासी चलन बनवण्यासाठी लोकांनी ही कार्डं महिनोन्महिने, दिवसरात्र जुंपली होती. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि ढिगाने कार्डं जुन्या बाजारात आली. सगळी खराब नसतात. पण कोणतं किती राबलं आहे हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

तिसऱ्या दुकानात 1650 मिळालं, 6,500 ला. वीस मिनिटं गेम चालवून दाखवाल तरच घेतो म्हटलं. दुकानदार कुरकुरला, पण त्याने लावलं. पंख्याचा आवाज ऐकला, तापमान 70 च्या आसपास येऊन थांबलं, पडद्यावर ठिपके नाहीत. बिलावर कार्डचा सीरियल नंबर लिहून घेतला.

घरी येऊन लावायला गेलो तर वायरच जुळेना! जुन्या मॉनिटरला फक्त निळी व्हीजीए जोडणी, आणि या कार्डाला व्हीजीए नाहीच. हे मलाही सुचलं नव्हतं. 250 रुपयांचा एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर आणला. आणि मॉनिटरची वायर कार्डाला लावा, मागे मदरबोर्डच्या जुन्या जागी नको. हसू नका, नवीन कार्ड विकत घेऊन जुन्याच जागी वायर लावून 'सर, काही फरक पडला नाही' म्हणणारे मी दोन जण पाहिलेत.

शेवटचे 900 रुपये यूपीएसच्या बॅटरीला गेले. घरात मेलेला यूपीएस धूळ खात पडला होता, त्यात 12 व्होल्ट 7 अँपियर-तासाची नवी बॅटरी टाकली. आपल्याकडे वीज कशी जाते-येते ते सांगायला नको. एकूण खर्च 11,150. उरले 850.

काय मिळालं? जीटीए 768 वर 60 च्या खाली क्वचित. जीपीयू आता 65 टक्के. म्हणजे आता लाटणारी अडायला लागली, तवा रिकामा राहतोय. म्हणजेच या संगणकात आता आणखी मोठं कार्ड टाकायचं नाही. मोठा मॉनिटर आणला तर मात्र गणित बदलेल. 1366 गुणिले 768 म्हणजे 10,49,088 ठिपके आणि 1920 गुणिले 1080 म्हणजे 20,73,600. रंगवायचं काम जवळजवळ दुप्पट.

मे महिन्याची परीक्षा

इथे माझं चुकलं. चाचणी आम्ही दिवाळीत घेतली, थंडी सुरू होताना. पुलगावच्या संगणकाची खरी परीक्षा मे महिन्यात दुपारी दोन वाजता असते. 2025 च्या मे महिन्यात त्याचा फोन आला, "सर, दुपारी गेम अडकतो. रात्री बरोबर चालतो."

दिवाळीत खोली 26 अंश होती आणि गेममध्ये प्रोसेसर 78. फरक 52. हा फरक साधारण तसाच राहतो. खोली 44 झाली की 44 अधिक 52, म्हणजे 96. शंभरच्या जवळ गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. बिघाड काहीच नव्हता, तो नुसता दमला होता.

उघडून पाहिलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली गोधडीसारखा थर. नुसती धूळ नाही, कापसाचे तंतूही. घर जिनिंगच्या रस्त्यावर, हंगामात गाड्यांची रांग तिथूनच जाते. ब्रशने साफ केलं. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते गरगर फिरून खराब होतं. जुनी वाळलेली पेस्ट पुसून दीडशे रुपयांची नवीन लावली. फरक 52 चा 36 वर आला. 44 अधिक 36, म्हणजे 80.

आणखी एक गोष्ट सापडली. संगणक बरोबर कूलरच्या झोतात ठेवलेला! त्याला वाटलं गार राहील. विदर्भातल्या प्रत्येक घरात ही चूक होते. कूलरची हवा गार असते पण ओली असते, कधी थेंबही उडतात. शिवाय कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शनवर होते. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जातं. संगणक बाजूला सरकवला, बोर्ड वेगळा केला. उरलेल्या 850 तले दीडशे पेस्टला गेले ते गेले.

एवढ्यावर वडिलांनी विचारलं होतं ते सांगतो. "सर, खेळाले एवढे पैसे घालून हाती काय येते?" मी म्हटलं, भाऊ, खेळच आहे, खोटं कशाला बोलू. पण पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' नावाचा गेम बनवला, तो जगभर खेळला गेला, आणि असे गेम बनवायला लागणारी सॉफ्टवेअरं याच संगणकावर शिकता येतात. शिकेल की नाही ते त्याच्यावर.

मी आज पुन्हा हे पैसे असेच खर्च करायला सांगेन का? थोडं वेगळं सांगेन. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. म्हणजे चौथ्या पिढीच्या संगणकाचं आयुष्य ठरलेलं आहे. अशा घरात भाड्याने राहतो तसं राहायचं. एसएसडी, कार्ड, मॉनिटर हे पुढच्या संगणकात सोबत नेता येतं, त्यावर पैसे घाला. डीडीआर थ्री रॅम, जुना मदरबोर्ड, वरच्या प्रतीचा जुना प्रोसेसर हे इथेच सोडून जावं लागतं, त्यावर हजारापेक्षा जास्त नको. आमच्या 11,150 मधले 9,200 सोबत नेता येण्यासारखे आहेत, हे योगायोगानेच झालं, मी तेव्हा इतका विचार केला नव्हता.

स्वाध्याय

1. एका एसएमपीएसच्या डब्यावर 500 वॅट लिहिलं आहे. आतल्या तक्त्यात 12 व्होल्टसमोर 18 अँपियर आहे. प्रोसेसर 65 वॅटचा, कार्ड 120 वॅटचं, बाकी सगळ्याला 40 धरा. हे कार्ड लावाल का? 70 टक्क्यांचा हिशेब करून सांगा.

2. गेममध्ये 1080 वर 45 एफपीएस येतात, 720 वर 46. जीपीयू 55 टक्के. चुलतभाऊ त्याचं मोठं कार्ड नऊ हजारांत द्यायला तयार आहे. घ्याल का? का?

3. आज संध्याकाळी संगणक बंद करून, वायर काढून, मोठ्या माणसाला सोबत घेऊन बाजूचं झाकण उघडा. एसएमपीएसवरचा तक्ता, रॅमच्या किती खाचा रिकाम्या आहेत ते, आणि पंख्यावर किती धूळ आहे ते वहीत लिहा. मेमध्ये तीच वही पुन्हा काढा.